आईला पाण्यात उतरता येईल असा किनारा

कोस्टा रिकातल्या पुएर्तो व्हिएहोच्या अतिथिगृहात सामान ठेवून आम्ही जेमतेम हातपाय धुतले असतील, तोच आईने मला मालकीणबाईंना विचारायला सांगितले, "आज भरती किती वाजता आहे?" आईचे उभे आयुष्य रत्नागिरीत मांडवीजवळ गेले. तिथी मनात धरायची, तिची पाऊणपट करायची आणि भरतीची वेळ काढायची, ही रीत तिच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, आज अष्टमी, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी भरायला हवे, असा हिशेब तिने मला आधीच सांगून टाकला होता. मालकीणबाईंचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात लिमोन बंदराच्या रेल्वेच्या कामावर जमैकाहून आलेले, त्यामुळे त्यांच्या घरात स्पॅनिशइतकीच कॅरिबियन वळणाची लयदार इंग्रजीही चालते. माझा प्रश्न ऐकून त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इथला समुद्र येतही नाही आणि जातही नाही. तो जागा असतो किंवा झोपलेला असतो. आईंना तो झोपलेला असताना घेऊन जा."

हे उत्तर मला तेव्हा गोड वाटले, पण त्याचा अर्थ कळायला पुढचे पाच दिवस जावे लागले.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षे कोस्टा रिकाच्या राजधानीत, सान होसेला राहत आहोत आणि आई ऑगस्टपासून आमच्याकडे आली होती. तिचे वय ७२ वर्षे आहे. दोन्ही गुडघे झिजलेले असल्यामुळे लाटेचा साधा धक्काही तिला सोसत नाही, आणि म्हणून समुद्राच्या शेजारी राहूनही गेली आठ वर्षे ती त्याच्या पाण्यात उतरलेली नव्हती. इथे आल्यावर एकदाच, तेही भाजी निवडता निवडता, ती म्हणाली होती, "तुमच्या या देशाला दोन समुद्र आहेत म्हणतेस, तर एखाद्यात पाय बुडवून येऊ." सप्टेंबर चालू होता. सान होसे आणि पॅसिफिकचा किनारा त्या महिन्यात पावसाने धुऊन निघतात. कॅरिबियन बाजूला मात्र सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे त्यातल्या त्यात कोरडे आणि समुद्र निवलेला असण्याचे महिने असतात. त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरीस सहा दिवसांसाठी मी आणि आई दोघीच निघालो. ब्राउलियो कार्रियोच्या ढगांत बुडालेल्या अरण्यातून घाट उतरणारा रस्ता, मग केळीच्या बागा, मग लिमोन आणि तिथून दक्षिणेला समुद्राला धरून जाणारी वाट, असा साडेचार तासांचा प्रवास बसने सुखाने झाला.

मी ठरवले ते असे. पुएर्तो व्हिएहो हे तालामांका भागातले छोटे किनारी गाव आहे आणि तिथून मान्सानियो या टोकाच्या वस्तीपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा सपाट रस्ता किनाऱ्याला समांतर जातो. मी भाड्याने सायकल घेतली. त्या सायकलींना हाताचा ब्रेक नसतो, पॅडल उलटे दाबले की चाक थांबते, आणि ही सवय व्हायला मला एक सकाळ लागली. रोज पहाटे सव्वापाचला, सूर्य समुद्रातून वर येत असताना निघायचे, एकेक किनारा पाहायचा, स्वतः पाण्यात उतरून पाहायचे, आणि दहाच्या आत वारा सुटण्यापूर्वी परत येऊन आईला सांगायचे. सूर्य समुद्रातून उगवताना पाहणे हे आम्हा दोघींनाही नवे होते, कारण कोकणात आपण त्याला समुद्रात मावळतानाच पाहिलेले असते. इथे तो संध्याकाळी साडेपाचलाच तालामांकाच्या डोंगरांमागे जातो आणि भराभर अंधार पडतो.

पहिल्या दिवशी आई माझ्याबरोबर होती, कारण प्लाया नेग्रा, म्हणजे काळा किनारा, गावाला लागूनच आहे. काळी वाळू पाहताच तिचा चेहरा उजळला. आमच्या रत्नागिरीत मांडवीला काळा समुद्र म्हणतात आणि पलीकडच्या बाजूला पांढरा समुद्र आहे; तिथल्या वाळूतला काळा रंग इल्मेनाइटचा, तर इथला डोंगरांतून नद्यांनी वाहून आणलेल्या ज्वालामुखीजन्य खनिजांचा, ज्यांत मॅग्नेटाइट भरपूर आहे. माझ्या पिशवीच्या झाकणातले चुंबक मी वाळूत फिरवले तेव्हा त्याला काळ्या कणांची दाट लव फुटली आणि आईने ती बोटाने हळूच चाचपून पाहिली. मग तिने एक वाळकी काठी उचलली, पाण्याच्या कडेला वाळूत खोल रोवली आणि नारळाच्या सावलीत बसून राहिली. मांडवीला लहानपणी आम्ही हेच करत असू. काठी बुडाली की घरी परतायचे. इथे दोन तास गेले, तीन तास गेले, आणि पाणी काठीच्या आगेमागे चार बोटे सरकत राहिले. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पाणी दोन मीटरहून अधिक चढते-उतरते, मुंबईत पावसाळ्यात भरती साडेचार मीटरच्या वर जाणार असली तर इशारे दिले जातात. कॅरिबियन समुद्राच्या या भागात मात्र तो फरक जेमतेम फूटभर असतो. आईचा तिथीचा हिशेब चुकलेला नव्हता, इथे तो हिशेब लावायला काही नव्हतेच.

प्लाया नेग्राचे पाणी त्या दिवशी शांत होते आणि उतारही सौम्य होता, पण दोन कारणांनी तो किनारा आईसाठी बाद झाला. एक तर काळी वाळू नऊ वाजताच तापू लागते आणि अकरापर्यंत अनवाणी पायाला चटके देते. दुसरे म्हणजे पाण्यात उतरल्यावर तळ दिसत नाही. काळ्या वाळूवर स्वच्छ पाणीही गडद दिसते, आणि पुढचे पाऊल कुठे पडणार हे दिसल्याशिवाय आईचा गुडघा पुढे सरकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच कोक्लेसला गेले. गावापासून दोन किलोमीटरवर असलेला हा लांबलचक, फिकट वाळूचा, मागे गर्द झाडी असलेला किनारा इथला सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि पहिल्या नजरेत मलाही वाटले की शोध संपला. इथेच माझ्या हातून चूक झाली. लाटा मोठ्या नव्हत्या, तरी बऱ्याच जागी फेसाळत फुटत होत्या, आणि मध्येच वीस-पंचवीस पावलांच्या रुंदीचा एक पट्टा असा होता जिथे फेस नव्हता, पाणी गुळगुळीत आणि जरा काळपट दिसत होते. शांत पाणी शोधायला आलेली मी सरळ त्याच पट्ट्यात उतरले. कंबरभर पाण्यात गेल्यावर पायाखालची वाळू सरकू लागली आणि माझे शरीर किनाऱ्यापासून दूर जात आहे हे मला किनाऱ्यावरच्या झाडाकडे पाहून कळले. पाण्यात काहीच जाणवत नव्हते. मनोऱ्यावरच्या जीवरक्षकाची शिट्टी ऐकू आली. तो दोन्ही हात आडवे करून बाजूला पोहण्याची खूण करत होता. मी किनाऱ्याकडे तोंड करून झगडणे सोडले, किनाऱ्याला समांतर पोहत गेले, फेसाच्या पट्ट्यात आले, आणि लाटांनीच मला शंभरएक पावले पुढे काठावर आणून सोडले.

त्या तरुणाने मला रागावून नव्हे तर बसवून, वाळूत बोटाने चित्र काढून समजावले. कोक्लेसच्या समोर लाटांना अडवणारी प्रवाळाची अखंड रांग नाही. लाटा थेट येतात, वाळूच्या बांधांवर फुटतात, आणि काठाशी साचलेले पाणी त्या बांधांमधल्या खिंडीतून जोराने समुद्रात परत जाते. ती खिंड खोल असते म्हणून तिच्यावर लाट फुटत नाही, आणि लाट फुटत नाही म्हणून तीच जागा सर्वांत निवांत भासते. भरती-ओहोटी नसली तरी ही ओढ असतेच, कारण ती चंद्राची नसून लाटांची आहे. लाल बावट्याचा अर्थ त्याने सांगितला आणि मनोऱ्यावर कोणी नसेल त्या वेळी पाण्यात न जाण्याबद्दल माझ्याकडून वचन घेतले. मी ते उरलेले सगळे दिवस पाळले. जिथे जीवरक्षक नव्हते तिथे काठाजवळ गुडघाभर पाण्यापलीकडे, तळ दिसत असल्याशिवाय, गेले नाही. हे सगळे आईला सांगावे की नाही याचा मी परत येताना बराच विचार केला आणि शेवटी सांगितले. तिने माझे ओले केस टॉवेलने पुसले, काही वेळ बोलली नाही, आणि मग म्हणाली, "फेस नाही तिथे जाऊ नये, हे मला आधी माहीत असते तर तुला सांगून पाठवले असते."

त्या संध्याकाळी मालकीणबाईंनी आम्हाला गावासमोरची साल्सा ब्रावा ही जागा दाखवली, जिथे थंडीच्या महिन्यांत, साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत, समुद्र खरोखर जागा होतो आणि उथळ प्रवाळावर फुटणाऱ्या जाडजूड लाटांवर सर्फिंग करायला जगभरातून निष्णात लोक येतात. त्या दिवशी तिथे एक टोपलीही हलली नसती इतके पाणी स्तब्ध होते. काठावर उघडे पडलेले, भोके-भोके असलेले करडे खडक होते. ते खडक नव्हते, प्रवाळ होते. २२ एप्रिल १९९१ रोजी या भागात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला आणि किनाऱ्याचा तळच वर उचलला गेला; लिमोन बंदराजवळ तो सुमारे दीड मीटर उचलला गेला, दक्षिणेकडे त्याहून कमी. काही क्षणांत पाण्याबाहेर आलेले प्रवाळ उन्हात मरून गेले. मालकीणबाई त्या वेळी शाळेत जात होत्या, आणि समुद्र आता परत येईल म्हणून माणसे उंचावर पळाली होती, असे त्यांनी सांगितले. मी ते आईला मराठीत सांगितले. ती त्या करड्या दगडांकडे पाहत म्हणाली, "म्हणजे एकदाच ओहोटी लागली आणि पाणी परत आलेच नाही." मालकीणबाईंना मी ते वाक्य भाषांतर करून ऐकवले तेव्हा त्यांनी आईचा हात हातात घेतला.

त्या संध्याकाळनंतर मी किनारे वेगळ्या नजरेने पाहू लागले. वाळू कशी आहे, झाडी किती आहे, यापेक्षा समोर पाण्याखाली काय आहे हा प्रश्न पहिला झाला. सायकलवरून उतरले की मी दहा मिनिटे केवळ उभी राहून दूरवर पांढरी रेघ कुठे उमटते ते पाही. रेघ दूर असेल आणि काठाशी पाणी सपाट असेल तर मध्ये प्रवाळाची भिंत आहे. रेघ काठाशीच असेल तर नाही.

प्लाया चिकिता या दृष्टीने उत्तम निघाला. रस्त्यापासून झाडीतून जाणाऱ्या पायवाटा, प्रत्येक वाटेच्या टोकाला किनाऱ्याची एकेक छोटी खाच, आणि प्रवाळाच्या कुंपणाआड गुडघाभर पाण्याची डबकी, ज्यांत निळे-पिवळे मासे फिरत होते. एकट्याने दुपार काढायला याहून चांगली जागा मला त्या टापूत दिसली नाही. पण तळाला जागोजागी धारदार प्रवाळ आहे आणि वाटांवर मुळे आडवी पसरलेली आहेत, म्हणून आईला तिथे न्यायचे नाही हे ठरले. शिवाय संध्याकाळी तिथे पुरुहास नावाची अगदी बारीक चिलटे चावतात, जी डोळ्यांना दिसत नाहीत आणि ज्यांची खाज दोन दिवस जात नाही.

चौथ्या दिवशी आम्ही दोघी बसने उत्तरेला कावीताला गेलो. हे नाव आईला फार आवडले आणि ती ते आपल्या कवितेसारखेच उच्चारत होती. तिथले राष्ट्रीय उद्यान १९७० साली संरक्षित झाले. पुढे १९९४ साली सरकारने परदेशी पाहुण्यांचे प्रवेशशुल्क खूप वाढवले तेव्हा आपले पोट पर्यटनावर चालणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध करून प्रवेशद्वार ताब्यात घेतले, आणि त्यातून गाव आणि सरकार यांनी मिळून उद्यान चालवण्याची व्यवस्था उभी राहिली. म्हणूनच गावाकडच्या दारातून आजही आपल्या इच्छेला येईल ती देणगी देऊन आत जाता येते. आम्ही वहीत नावे लिहिली, देणगी दिली आणि सपाट वाटेने निघालो. एका बाजूला पांढरी वाळू आणि दुसऱ्या बाजूला दलदलीचे जंगल, अशी ती वाट आहे. दाराजवळच्या पट्ट्यात लाटा थेट येतात आणि ओढ असते. टोकाकडे जावे तसे प्रवाळाच्या आडोशाने पाणी निवत जाते, पण तिथवरचे अंतर आईच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. अर्ध्या वाटेवर एका ओंडक्यावर बसलो असता एका रॅकूनने आईच्या पिशवीतला शेंगदाण्याच्या लाडवांचा पुडा अलगद ओढून नेला. प्राण्यांना खाऊ देऊ नये असे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे आणि पिशवी उघडी ठेवणे ही आमचीच चूक होती. ते लाडू त्याला बाधले तर नसतील ना, या काळजीने आई दिवसभर हळहळत होती.

परतल्यावर रात्री जेवायला नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि राजमा होता, त्यात ओव्याच्या जवळपास जाणारा थाइमचा वास, आणि बाजूला तळलेले नीरफणसाचे काप. रत्नागिरीबाहेर नीरफणसाचे काप मिळतील असे आईने कधी मनातही आणले नव्हते.

पाचव्या दिवशी मी मान्सानियोपर्यंत गेले. रस्ता तिथे संपतो आणि पुढे १९८५ साली स्थापन झालेले गांदोका-मान्सानियो अभयारण्य सुरू होते, ज्याच्या दक्षिणेकडच्या वाळूत वसंतात चामड्यापाठीची प्रचंड कासवे अंडी घालायला येतात. चिखलातून टेकाडावर चढणाऱ्या वाटेवरून समुद्रातला झाडी उगवलेला खडक दिसतो, आणि मला तिथून हलावेसे वाटेना. देशी बदामाच्या झाडांवर मोठे हिरवे मकाव पोपट कर्कश ओरडत बदाम फोडत होते. ही जात जगात फार थोडी उरली आहे आणि इथे माणसांनी प्रयत्नपूर्वक परत वसवली आहे. मान्सानियो हे ज्या झाडाचे स्पॅनिश नाव आहे ते झाड मात्र ओळखून असावे. त्याची फळे लहान हिरव्या सफरचंदासारखी असतात आणि तितकीच सुवासिक, पण फळ, पान, चीक सगळेच विषारी असते. पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी ठिबकणाऱ्या पाण्याने कातडी भाजून निघते. वाळूत पडलेले काहीही उचलून पाहण्याची आईची सवय मला माहीत होती, म्हणून मी घरी येऊन तिला त्या फळाचे चित्र काढून दाखवले.

परतताना सातव्या किलोमीटरच्या आसपास मी पुंता उवाच्या वाटेला वळले. खरे तर तो मी जाताना घाईने मागे टाकला होता. झाडीतून दोन-तीन मिनिटांची, वाळू दाबून घट्ट झालेली वाट आहे. तिच्यावर ना पायऱ्या ना मुळे. बाहेर आल्यावर उजव्या हाताला समुद्रात घुसलेले झाडीने भरलेले टोक आहे आणि त्याच्या आडोशाला पाणी तळ्यासारखे पसरलेले असते. पांढरी रेघ दूर टोकापाशी होती. काठाशी फेस नव्हता, पण कोक्लेसला शिकलेली गोष्ट आठवून मी वाळलेले पान पाण्यावर सोडून पाहिले. ते पाच मिनिटे तिथेच डोलत राहिले. तळ पिवळसर, स्वच्छ, आणि उतार इतका मंद की तीस पावले गेल्यावर पाणी कमरेला लागले. मागे एकही बांधकाम वाळूपर्यंत आलेले नव्हते. १९७७ च्या कायद्याने कोस्टा रिकात भरतीच्या रेषेपासून पहिले ५० मीटर सर्वांचे आहेत, ते कोणाच्याही मालकीचे होऊ शकत नाहीत, आणि किनाऱ्याच्या या तुकड्यावर त्या नियमाने जे राखले आहे ते बदामाच्या आणि नारळाच्या सावलीच्या रूपाने डोळ्यांना दिसते.

शेवटच्या दिवशी पहाटे टॅक्सी करून मी आईला तिथे नेले. सकाळचे सहा वाजले होते, ऊन कोवळे होते आणि आम्ही दोघीच होतो. झाडीत माकडे घोगऱ्या आवाजात हुंकारत होती. तिने पंजाबी ड्रेसचे पाय गुडघ्यापर्यंत वर केले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि पहिले पाऊल टाकण्याआधी वाकून ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावले. पाणी कोमट होते. एकेक पाऊल, प्रत्येक वेळी तळाकडे पाहून, ती पुढे गेली. गुडघे बुडाले, मांड्या बुडाल्या, आणि कमरेइतक्या पाण्यात तिने माझा खांदा सोडला. पाण्याने वजन घेतल्यावर गुडघा दुखायचा थांबतो हे डॉक्टरांनी तिला अनेकदा सांगितले होते. तिने दोन्ही हात पसरले, पाय वर घेतले आणि पाठीवर तरंगू लागली. ती पोहू शकते हे मी विसरून गेले होते. लहानपणी तिनेच मला भाट्याच्या खाडीत हात धरून शिकवले होते.

पाऊण तासाने ती बाहेर आली तेव्हा वाळूत तिने येताक्षणी रोवलेली काठी होती तिथेच होती, आणि पाण्याची कडही तिच्यापासून तितक्याच अंतरावर होती. आईने काठी उपटली, तिला लागलेली वाळू झटकली आणि ती टेकत बदामाच्या सावलीपर्यंत आली. "टॅक्सी किती वाजता बोलावली आहेस?" तिने विचारले. मी म्हटले, "नऊला." तिने ओल्या केसांची गाठ सोडली आणि म्हणाली, "मग अजून एकदा जाऊन येते. तू इथेच बस."